बाभळीची भावकी : ओळख आणि निवड

बांधावर काटेरी झाड दिसले की त्यास बाभूळ म्हणण्याची सवय आपणा सर्वांस आहे. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या कोरडवाहू गावी ही चूक लहान वाटेल. परंतु बाभळीचे म्हणून वेड्या बाभळीचे बी बांधावर टोकले गेले, तर त्याचा त्रास शेतकऱ्यास वर्षानुवर्षे भोगावा लागतो.

ही झाडे तूर, हरभरा व भुईमूग यांच्याच कुळातील होत. शेंग ही त्या कुळाची खूण. कुळात प्रजाती व प्रजातीत जाती असा वनस्पतिशास्त्राचा क्रम आहे. कुळ म्हणजे घराणे, प्रजाती म्हणजे भावकी आणि जाती म्हणजे एकेक घर, असे समजावे.

भावकी ओळखण्यासाठी प्रथम फूल पाहावे. गोंड्यातील एक बारीक फूल सुटे करून त्यातील पुंकेसर मोजावेत. ते असंख्य असल्यास झाड बाभूळ, हिवर अथवा खैर असते. दहाच असल्यास शमी, वेडी बाभूळ अथवा सुबाभूळ.

बाभळीचे गोंडे गोल व पिवळेधमक, तर हिवराचे फिकट असून मोठ्या झुबक्यांनी येतात. दोहोंचे काटे सरळ व जोडीने असतात. खैराची फुले लांबट तुऱ्यात येतात व काटे आकड्यासारखे वाकडे असतात. पूर्वी या तिघांची गणना अकेशिया या एकाच प्रजातीत होई. ते नाव ऑस्ट्रेलियातील झाडांकडे ठेवण्याचा निर्णय 2005 साली व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला व 2011 साली मेलबर्न येथे तो कायम झाला. त्यामुळे आता बाभूळ व हिवर व्हॅशेलिया प्रजातीत, तर खैर सेनेगालिया प्रजातीत मोडतो. जुन्या पुस्तकांत अकेशिया हे नाव आढळल्यास गोंधळून जाऊ नये.

शमी आणि वेडी बाभूळ या दोघीही प्रोसोपिस प्रजातीत गणल्या जात. 2022 साली झालेल्या फेरमांडणीत ते नाव आपल्या शमीकडे राहिले. अमेरिका खंडातून आलेली वेडी बाभूळ नेल्टुमा या निराळ्या प्रजातीत गेली.

रोप लहान असून फूल नसेल, तर पान पाहावे. बाभळीच्या पानास दलांच्या सामान्यतः तीन ते आठ जोड्या असतात. वेड्या बाभळीस बहुधा एक किंवा दोनच. बाभळीची शेंग प्रत्येक बीजवळ आवळलेली, माळेसारखी दिसते. वेड्या बाभळीची शेंग पिवळसर व गोड गराची असते. शेळ्या-गुरे ती आवडीने खातात आणि अखंड बी शेणा-लेंड्यांवाटे रानोमाळ पसरते. झाड नुसते तोडल्यास पुन्हा फुटते. म्हणून बुंध्याखालचा गड्डा खणून काढणे अवश्य आहे.

औतासाठी लाकूड, शेळ्यांसाठी पाला व डिंक देणारी बाभूळ बांधावर जरूर राखावी. बी जमविण्याच्या झाडावर मात्र ते फुललेले असतानाच खूण करून ठेवावी आणि शेंगा त्याच झाडाच्या घ्याव्यात. ग्रामसेवकांनी या झाडांच्या फांद्या शेजारी शेजारी ठेवून शेतकरी बंधूंस हा फरक प्रत्यक्ष दाखवावा.