दुखणं मुलाचं, गाठ घराची

साक्रीतलं एक घर डोळ्यांपुढे आणा. सासू, नवरा-बायको आणि दोन मुलं. नवऱ्याचं हमरस्त्यावर दुकान. थोरला मुलगा दहा वर्षांचा. हल्ली शाळेची वेळ झाली, की त्याच्या पोटात दुखू लागतं. डॉक्टरांनी तपासलं, दोष सापडला नाही. तरी मुलगा ढोंग करत नाही. कळ खरीच असते.

आता त्या घरातली सकाळ पाहा. आई म्हणते, "ऊठ, शाळेत जायचंच." आजी त्याला जवळ ओढते, "राहू दे गं माय, लेकरू सुकलंय." आई नवऱ्याकडे बघते. तो "तुम्ही दोघी पाहा" म्हणून दुकान गाठतो. रात्री आई मुलापाशीच मन मोकळं करते, "तुझ्या बाबांना आपली काळजीच नाही!" दहा वर्षांच्या जिवानं किती जणांचं ओझं वाहायचं?

अशी घरं साल्वादोर मिनुचिन (१९२१-२०१७) यांनी फार बारकाईनं पाहिली. हे अर्जेंटिनात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत वाट चुकलेल्या गरीब मुलांसाठी काम करताना त्यांना दिसलं, की मुलाला एकट्याला सुधारून उपयोग नाही. घराची घडी तीच राहिली, तर मूल पुन्हा तिथेच येतं. पुढे फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रात त्यांनी ही उपचारपद्धती वाढवली. १९७४ मध्ये तिच्यावरचं त्यांचं पुस्तक निघालं.

त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं, तर खोल्यांना असतो तसा नात्यांनाही उंबरठा असतो. नवरा-बायकोचं एक दालन, आईबापांचं एक, भावंडांचं एक. उंबरठ्याच्या जागी भिंत उभी राहिली, की माणसं एका छताखाली परकी होतात. उंबरठा पुसूनच गेला, की एकाला शिंक आली तरी सगळं घर हादरतं. आणि मोठ्यांच्या भांडणात मूल एका बाजूला ओढलं गेलं, की त्याची कुचंबणा कधी कधी शरीरातून बोलू लागते.

मिनुचिन आधी घरच्यांत मिसळत, त्यांच्याच बोलीनं बोलत. मग "काय होतं ते सांगू नका, इथेच एकमेकांशी बोला" म्हणत. जेवण टाकणाऱ्या मुलींच्या घरच्यांबरोबर तर ते चक्क जेवायला बसत. आईबापांच्या मध्ये मूल बसलं असेल, तर खुर्च्या बदलायला लावत. साधी गोष्ट, पण आईबाप शेजारी आले, की बोलणं बदलतं.

मैत्रिणींनो, याचा अर्थ सासूबाईंना दूर सारा, असा मुळीच नाही! एकत्र राहणं हा दोष नव्हे. कोणती गोष्ट कोणी ठरवायची, एवढं स्पष्ट हवं. आपल्या गोष्टीतलं घर काय करू शकेल?

मूल झोपल्यावर नवरा-बायकोनं शाळेबद्दल एकच निर्णय ठरवावा. सकाळी तो वडिलांनी सांगावा, दुकान अर्धा तास उशिरा उघडलं तरी चालेल. आजीला मान देऊन विनवावं, "आत्या, शाळेचं आम्ही बघतो. संध्याकाळी गोष्ट मात्र तुम्हीच सांगायची." आणि नवऱ्याबद्दलची तक्रार नवऱ्यालाच सांगावी, मुलाला नाही. शाळेतच कुणाचा धाक आहे का, हेही मुलाला शांतपणे विचारावं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. घरात मारहाण होत असेल, तर तो उंबरठ्याचा प्रश्न नव्हे, तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. या पद्धतीवर पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला, की घरात स्त्री-पुरुषांचं पारडं मुळात सारखं नसतं. तो विसरून चालणार नाही.

दुखणं चालूच राहिलं, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून फुकट बोलता येतं. धुळ्याला तज्ज्ञांकडे जायची वेळ आलीच, तर मुलाला एकट्याला नेऊ नका. त्याच्या बाबांनाही बरोबर घ्या. गाठ सगळ्यांनी मिळून बांधलेली असते, ती सोडवायलाही सगळ्यांचे हात लागतात.