‘ठेच’ : किरकोळ अपघातवाचक शब्दाचा अर्थ आणि व्यवहार
(बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
मोठ्या आपत्तीसाठी मराठीत ‘अपघात’, ‘दुर्घटना’ हे संस्कृत शब्द रूढ आहेत. नित्याच्या लहान दुखापतींसाठी मात्र बोलीभाषेने स्वतःचे शब्द घडविले आहेत. ‘ठेच’ हा त्यांपैकी सर्वांत बोलका शब्द होय. प्रस्तुत लेखात या शब्दाचा अर्थ व उपयोग स्पष्ट करून ‘किरकोळ अपघात’ या औपचारिक शब्दप्रयोगाशी त्याची तुलना करण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दार्थ व अर्थविस्तार :
‘ठेच’ हे स्त्रीलिंगी नाम ‘ठेचणे’ म्हणजे कुटणे, चेचणे या क्रियापदाशी निगडित आहे. मिरचीचा ‘ठेचा’ याच कुळातील. जुन्या छापील मराठीत हा शब्द ‘ठेंच’ असा लिहिला जाई. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळल्यानंतर ‘ठेच’ हे रूप स्थिरावले. चालताना पायाच्या बोटास बसणारा आघात हा त्याचा मूळ अर्थ असून व्यवहारातील लहानसहान नुकसान किंवा अपयश हा विस्तारित अर्थ आहे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीत हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. एकाची इजा दुसऱ्याचे ज्ञान होते, हा या म्हणीचा आशय आहे. ‘धडपड’ या शब्दातही असेच घडले. पडणे, अडखळणे या अर्थाकडून तो प्रयत्नशीलतेकडे गेला. साने गुरुजींच्या ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीच्या नावात हाच दुसरा अर्थ आहे.

वाक्यरचना :
आपण ‘मी ठेच केली’ असे म्हणत नाही. ‘मला ठेच लागली’ असे म्हणतो. येथे ठेच हा कर्ता असून ज्याला लागते तो चतुर्थीत येतो. ‘पाय मुरगळला’, ‘गुडघा खरचटला’ या वाक्यांत अवयवच कर्ता होतो. या रचनांत दोषारोप नाही. काय झाले आणि कोठे झाले, एवढेच नेमके सांगितले जाते. पडलेल्या माणसास आपण प्रथम विचारतो तेही ‘लागले का?’ एवढेच.

परिसरातील उपयोग :
बारामती व इंदापूर हे तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले उसाचे प्रदेश आहेत. तोडणी झालेल्या रानात बुडख्याची ठेच लागते, पाल्याने हात चिरतो, कोयता निसटून पायाला लागतो. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच दोन तालुक्यांतून पुढे जाते. अनवाणी चालणाऱ्या वारकऱ्यास ठेच नवी नाही. या सर्व प्रसंगांना बोलीत वेगवेगळी नावे आहेत. नोंदवहीत अथवा बातमीत मात्र ते सारे ‘किरकोळ’ या एकाच शब्दात मावतात.

‘किरकोळ’ शब्दाची मर्यादा :
‘किरकोळ’ हा मुळात हिशेबाच्या व्यवहारातील शब्द आहे. किरकोळ खर्च, किरकोळ विक्री, आपल्या परिचयाची किरकोळ रजा ही त्याची उदाहरणे. तो परिमाण सांगतो, स्वरूप सांगत नाही. कायदा मात्र स्वरूप पाहतो. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३२० नुसार अस्थिभंग ही ‘जबर दुखापत’ होती. तसेच वीस दिवस तीव्र वेदना देणारी किंवा नित्य व्यवहार अशक्य करणारी इजाही ‘जबर’ मानली जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ही मुदत पंधरा दिवसांवर आली. वाहनाच्या धडकेत पायाच्या बोटाचे हाड मोडले, तर बोलण्यात ते ‘किरकोळ’ असते, कायद्यात नसते. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर जबर दुखापतीसाठी ५०,००० रुपये भरपाईची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. ‘किरकोळच होते’ असे म्हणून तपासणी टाळणारा जखमी या हक्कास मुकू शकतो.

वैद्यकीय दृष्टीनेही हा शब्द फसवा आहे. मातीत लागलेल्या लहान जखमेतून धनुर्वात होऊ शकतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायाची संवेदना मंदावते. तिला ठेच लागल्याचे कळतच नाही आणि जखम चिघळते. अशा वेळी वेदना नसणे हेच धोक्याचे लक्षण ठरते.

निष्कर्ष :
‘ठेच’ हा शब्द लहान घटनेचे नाव घेतो व तिच्यातून बोध घेण्यास सांगतो. ‘किरकोळ’ हा शब्द ती घटना बाजूला सारतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, क्रीडांगणावर किंवा शिबिरात विद्यार्थ्यास इजा झाल्यास ‘किरकोळ अपघात’ एवढीच नोंद न करता कोठे, कशाने व किती लागले हे बोलीतील नेमक्या शब्दांत लिहावे. पुढच्याची ठेच नोंदवली गेली, तरच मागच्यास शहाणे होता येईल.