कुत्र्याच्या पिलाचे संगोपन व शिक्षण

पाळण्यासाठी घरी आणलेल्या कुत्र्याच्या पिलाचे पोषण व आरोग्यरक्षण करणे आणि मानवी कुटुंबात राहण्यास आवश्यक त्या सवयी त्याला लावणे, या सर्वांचा समावेश असलेली प्रक्रिया. पिलू साधारणतः एक वर्षाचे झाल्यावर (मोठ्या चणीच्या जातींत दीड ते दोन वर्षांनी) प्रौढ होते. तथापि त्याच्या स्वभावाची घडण बहुतांशी पहिल्या चार महिन्यांतच होते. याच काळात मातेकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरत असते व लसीमुळे येणारी पुरती आलेली नसते. त्यामुळे पिलाला जगाची ओळख करून देणे आणि त्याला रोगांपासून दूर ठेवणे, या परस्परविरोधी भासणाऱ्या दोन गरजा एकाच वेळी भागवाव्या लागतात. त्यांचा मेळ घालणे हा पिलाच्या संगोपनातील मध्यवर्ती प्रश्न असून दाट वस्तीच्या शहरांत तो विशेष तीव्र होतो.

पार्श्वभूमी : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कुत्रे अंगणात, खळ्यावर किंवा गोठ्याजवळ वाढते. माणसे, गुरे, कोंबड्या व अन्य कुत्री यांची ओळख त्याला आपोआप होते आणि शौचासाठी मोकळी जागा सहज मिळते. धनगरांच्या कळपाबरोबर हिंडणारी कुत्री लहानपणापासून मेंढरांच्या सहवासात असल्याने मेंढरांना भक्ष्य न मानता त्यांची राखण करतात. अशा ठिकाणी शिक्षणाचा मोठा भाग परिस्थितीच उरकते. शहरातील सदनिकेत मात्र ही परिस्थिती नसते. मुंबईच्या पूर्व उपनगरांपैकी चेंबूर हे या बदलाचे चांगले उदाहरण होय. आवार असलेले बंगले, बैठी घरे व दोन-तीन मजली इमारती यांसाठी पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या या भागात पुनर्विकासामुळे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आवारात मोकळे राहणाऱ्या कुत्र्याची जागा आता सातव्या वा दहाव्या मजल्यावरील कुत्र्याने घेतली आहे. जे पूर्वी आपोआप घडत असे, ते अशा घरात पालकाला जाणीवपूर्वक घडवावे लागते.

वाढीच्या अवस्था : नवजात पिलू आंधळे व बहिरे असते. त्याचे डोळे सु. दोन आठवड्यांनी उघडतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला ऐकू येऊ लागते. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ ‘समाजीकरणाचा संवेदनक्षम काल’ म्हणून ओळखला जातो. जे. पी. स्कॉट व जॉन एल. फुलर यांनी अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन केले व त्याचे निष्कर्ष १९६५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्याच प्रयोगशाळेतील १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिले चौदा आठवड्यांपर्यंत मानवी संपर्काविना वाढविली होती. ती पुढे माणसाला रानटी जनावराप्रमाणे बुजू लागली. या काळात परिचित झालेल्या गोष्टी पिलाला स्वाभाविक वाटतात. अपरिचित राहिलेल्या गोष्टींविषयी पुढे भय वाटू शकते. प्रौढ कुत्र्याच्या भुंकण्याचे व चावण्याचे मूळ पुष्कळदा रागात नसून भयात असते.

पिलाची निवड : पिलू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी मातेपासून वेगळे करू नये. एका वेतातील भावंडे खेळताना एकमेकांना चावतात. चावा जोराचा झाला की दुसरे पिलू केकाटते व खेळ थांबतो. त्यातूनच जबड्याचा जोर आवरण्याचा पहिला धडा मिळतो. भारतात २०१७ मध्ये करण्यात आलेल्या कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिलांच्या विक्रीस मनाई आहे. शक्य असल्यास पिलाची आई व ती राहते ती जागा पाहून निवड करावी. आई भित्री किंवा अंगावर येणारी असल्यास तो स्वभाव पिलांत उतरण्याचा संभव असतो. सेंट बर्नार्ड, सायबेरियन हस्की यांसारख्या दाट केसांच्या थंड प्रदेशांतील जातींना मुंबईची दमट हवा मानवत नाही. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्म्यात श्वासाचा त्रास होतो. गावठी कुत्रा या हवेला सरावलेला व काटक असून योग्य वयात आणल्यास उत्तम रीतीने शिकतो. कारवानी हा मराठवाडा, सोलापूर व उत्तर कर्नाटक या भागांतील शिकारी कुत्रा चपळ असल्याने त्याला रोज धावण्यास जागा लागते. लहान सदनिकेत त्याची कुचंबणा होते.

आहार : आठ आठवड्यांच्या पिलाला दिवसातून चार वेळा, तीन ते सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व त्यानंतर दोन वेळा खाणे द्यावे. नुसते दूध-पोळी किंवा वरण-भात हा आहार वाढत्या पिलास अपुरा पडतो. त्यात शिजविलेले मांस, मासळी (काटे काढून) किंवा अंडी यांची जोड द्यावी लागते. शाकाहारी कुटुंबात तयार संतुलित खाद्य वापरणे अधिक सोयीचे ठरते. मोठ्या चणीच्या जातींच्या पिलांना सल्ल्याविना कॅल्शियमची जादा मात्रा दिल्यास हाडांची वाढ बिघडते. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व बेदाणे-मनुका हे पदार्थ कुत्र्यास विषारी आहेत. त्यामुळे शिरा, लाडू इ. सणासुदीचे पदार्थ कौतुकाने भरविणे धोक्याचे असते. शिजविलेली हाडे फुटून अणकुचीदार होतात, म्हणून तीही देऊ नयेत.

रोग व लसीकरण : प्रसूतीनंतरच्या चिकातून पिलास मातेची प्रतिपिंडे मिळतात. ती काही आठवडे संरक्षण करतात, पण त्याचबरोबर लसीचा परिणामही होऊ देत नाहीत. त्यांचा ऱ्हास प्रत्येक पिलात वेगवेगळ्या वेळी होत असल्याने लस एकदाच न देता सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत द्यावी लागते. डिस्टेंपर, पार्व्हो व यकृतशोथ या विषाणुजन्य रोगांवरील लसी सर्वत्र आवश्यक मानल्या जातात. पार्व्हो हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याचे विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतात व रक्ताच्या जुलाबांनी पिलू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवरील लस मुंबईत विशेष महत्त्वाची आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहरात या रोगाची माणसांत मोठी साथ आली होती. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून पिलास चालवू नये.

अलर्क रोगावरील (⟶ अलर्क रोग) लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात देतात व पुढे वेळच्या वेळी तिची पुनर्मात्रा देतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि माणसाला तो बहुधा कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. पिलाचा दात किंवा नख लागून रक्त आल्यास ‘लहान तर आहे’ असे म्हणून दुर्लक्ष करू नये; जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ वैद्याकडे जावे. जखमेत तिखट किंवा चुना भरण्याची जुनी रीत घातक आहे. गोलकृमी व अंकुशकृमी यांचा उपसर्ग लहान मुलांनाही पोहोचत असल्याने पिलास ठरावीक अंतराने जंतनाशक द्यावे. मुंबईत पशुवैद्यकीय उपचारांची परंपरा जुनी असून परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय व त्याच परिसरातील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६) ही त्याची प्रमुख केंद्रे होत.

समाजीकरण : लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिलास घरातच कोंडून ठेवावे, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. त्यामुळे पिलू रोगापासून वाचे; परंतु संवेदनक्षम काल निघून गेलेला असे. वर्तनदोषामुळे टाकून दिलेल्या किंवा मारून टाकलेल्या कुत्र्यांची संख्या लक्षात घेऊन अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये असे मत मांडले, की पहिली लस दिल्यानंतर लसीकरण चालू असतानाच योग्य काळजी घेऊन समाजीकरणास आरंभ करावा.

योग्य काळजी म्हणजे काय, हे परिस्थितीनुसार ठरते. चेंबूरसारख्या भागात रस्त्यावर भटकी कुत्री असतात व त्यांच्या लसीकरणाची खात्री नसते. म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत पिलास रस्त्यावर, उद्यानात किंवा इमारतीखालच्या मातीत उतरवू नये. मात्र कडेवर घेऊन रोज बाहेर न्यावे. कडेवरून त्याला रिक्षा, बस, भाजीवाले, छत्री उघडणारी माणसे, काठी टेकत चालणारे वृद्ध, शाळेतून येणारी मुले हे सर्व पाहता व ऐकता येते. उद्‌वाहनाचे दार, त्याचा धक्का व आत भेटणारे शेजारी यांची सवय याच वयात लावावी. लस घेतलेल्या, निरोगी व शांत प्रौढ कुत्र्याशी कोणाच्या तरी घरी त्याची भेट घडवावी. टिळकनगरसारख्या वस्तीत गणेशोत्सवातील ढोल-ताशे व दिवाळीतील फटाके यांचा आवाज अटळ असतो. ध्वनिमुद्रित आवाज प्रथम अगदी हळू लावून, त्याच वेळी खाऊ देऊन व आवाज दिवसादिवसाने वाढवून त्याचे भय टाळता येते. पिलू शेपूट पोटाखाली घेऊन मागे सरकू लागल्यास त्याला पुढे ढकलू नये, अंतर वाढवावे. ओळख करून देणे आणि धाक बसविणे यांत फरक आहे.

शौचाची सवय : लहान पिलाचा मूत्राशयावर ताबा नसतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे व काम उरकताच तेथेच शाबासकी द्यावी. उंच इमारतीत खाली पोहोचेपर्यंत पिलाला धीर धरवत नाही. म्हणून आरंभी सज्जाच्या वा न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरून ती जागा ठरवावी व लसीकरणानंतर क्रमाने खाली नेण्यास सुरुवात करावी. भलत्या जागी घाण केल्यास नाक त्यात घासणे किंवा मारणे निरुपयोगी असते. पिलू त्या शिक्षेचा संबंध आपल्या कृतीशी न जोडता माणसाशी जोडते आणि पुढे लपून घाण करू लागते. जागा नीट धुवावी. अमोनियायुक्त द्रव्य वापरू नये, कारण त्याचा वास मूत्रासारखा असतो.

चावणे व कुरतडणे : दुधाचे २८ दात पडून चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने पिलू चपला, खुर्चीचे पाय, विजेच्या तारा असे सर्व काही कुरतडते. त्याला चघळण्याजोगी वस्तू द्यावी व मोलाच्या वस्तू उचलून ठेवाव्या. जुनी चप्पल खेळण्यास देऊन नव्या चपलेसाठी रागावणे व्यर्थ होय. तो भेद पिलाला कळत नाही. हातापायांना चावू लागल्यास खेळ तत्काळ थांबवून काही क्षण पाठ फिरवावी. भावंडांकडून मिळालेला धडाच येथे पुढे चालू राहतो.

शिक्षणाची तत्त्वे : ज्या कृतीमागून सुखद परिणाम येतो ती कृती पुन्हा केली जाते, हा एडवर्ड थॉर्नडाइक यांचा परिणामाचा नियम आणि बी. एफ्. स्किनर यांची प्रबलनाची संकल्पना हे आधुनिक श्वानशिक्षणाचे आधार होत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लष्करी पद्धतींत हिसका व शिक्षा यांवर भर असे. आता बक्षिसावर आधारलेली पद्धत अधिक परिणामकारक व निर्धोक मानली जाते. बक्षीस कृतीनंतर एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे. धडा तीन ते पाच मिनिटांचा, पण दिवसातून अनेकदा असावा. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ व ‘सोड’ या चार आज्ञा प्रथम शिकवाव्या. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषा कानावर पडणाऱ्या घरात प्रत्येक आज्ञेसाठी एकच शब्द ठरवून तो सर्वांनी वापरावा. एकाने ‘बस’, दुसऱ्याने ‘सिट’ व तिसऱ्याने ‘बैठ’ म्हटल्यास पिलू गोंधळते. दोष मात्र त्याच्या हट्टीपणावर जातो. बोलावल्यावर आलेल्या पिलास कधीही रागावू नये, अन्यथा ते येणेच सोडते. सुपरिचित पोलिसी श्वानांच्या कामगिरीमागेही हीच तत्त्वे असतात. मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मुंबईत स्फोटकांचे मोठे साठे हुडकून काढणारा जंजीर हा लॅब्रॅडॉर पुण्यातील पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला होता. स्फोटकाचा वास म्हणजे बक्षीस, असा संबंध अशा कुत्र्याच्या मनात जोडून दिलेला असतो.

एकटे राहण्याची सवय : घरातील सर्वजण नोकरीस जाणाऱ्या कुटुंबात ही सवय फार आवश्यक असते. आरंभी एक-दोन मिनिटे दाराबाहेर जाऊन परतावे व हा अवधी हळूहळू वाढवावा. जाताना व येताना गाजावाजा करू नये. सुट्टीत पंधरा दिवस अष्टौप्रहर सोबत करून सोळाव्या दिवशी एकदम आठ तास एकटे सोडलेले पिलू भुंकते, दार ओरबाडते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींचा विषय होते.

कायदा व जबाबदारी : बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो व त्यासाठी अलर्क रोगप्रतिबंधक लसीचे प्रमाणपत्र लागते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही; मात्र सार्वजनिक जागी कुत्र्यास साखळीने धरणे व त्याची विष्ठा उचलणे हे पालकाचे कर्तव्य ठरते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली, उपासमार होईल अशा रीतीने प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हा अपराध आहे. पिलू गोंडस असताना आणून, वर्षभरात आवरेनासे झाल्यावर सोडून दिलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, तेथील कुत्र्यांच्या टोळीत त्याला थारा मिळत नाही आणि घाबरून ते माणसाला चावण्याचा धोका वाढतो. अशा कुत्र्यांतील बहुतेक दोष पहिल्या चार महिन्यांत रोज थोडा वेळ देऊन टाळता आले असते. कुत्र्याचे आयुष्य दहा ते चौदा वर्षांचे असते. तेवढ्या काळासाठी वेळ, जागा व खर्च यांची तयारी असल्याखेरीज पिलू घरी आणू नये.