मुंबईपासून नागपूर किती लांब?

मागच्या वेळी आपण 'जवळ' आणि 'दूर' या शब्दांपाशी थांबलो होतो. आज एक साधं उदाहरण घेऊ. मुंबई ते नागपूर अंतर किती?

विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर. समृद्धी महामार्गाने 701. जुन्या रस्त्याने आठशेच्या पुढे. 680 आणि 701, म्हणजे रस्ता जवळजवळ पक्ष्यासारखाच गेला की! पण थांबा. हे 701 मोजले जातात ते ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंत. मुंबई त्यात नाहीच. आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे मोटरसायकलवाल्याचं नागपूर अजून जुन्या रस्त्याइतकंच लांब आहे.

आता वेळ पाहू. विमानाला दीड तास, असं आपण म्हणतो. 680 भागिले दीड, म्हणजे ताशी साडेचारशे. जेट विमान तर वर गेल्यावर ताशी आठशेच्या आसपास उडतं. मग बाकीचा वेळ गेला कुठे? वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून, ते नागपूरला जागेवर उभं राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं. आपलं घर मात्र त्यात येत नाही. डोंबिवलीहून निघालो तर विमानतळापर्यंत दीड तास, तिथे दोन तास आधी, मग उड्डाण, मग सामान आणि रिक्षा. सहा तास धरा.

रस्त्याचा हिशोब याच्या उलटा आहे. 120 च्या कमाल वेगाने 701 किलोमीटर न थांबता कापले तर 5 तास 50 मिनिटं. पण न थांबता कोण जातं? घाटात आणि बोगद्यात वेग कमी, जेवण आहे, डिझेल आहे. आठ तास म्हणतात ते ठीक, त्यात दोन्ही टोकांचा मिळून एक तास घाला. नऊ.

वैशेषिकांनी दिक् आणि काल ही दोन वेगळी द्रव्यं मानली. पण परत्व आणि अपरत्व हे गुण मात्र दोन्हीकडे सांगितले. जागेतलं लांब-जवळ आणि काळातलं थोरलं-धाकटं, दोन्हींना शब्द एकच. शिवाय हे दूरपण वस्तूत एकटं बसलेलं नसतं, ते पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीवर उभं राहतं. आम्ही हे चाळीस वर्षं वर्गात शिकवलं, पण मुलांच्या गळी उतरलं नाही. बहुधा उदाहरण घटाचं देत होतो म्हणून.

तर आता घटाऐवजी फोन घेऊ. रात्री दहाला नागपूरहून फोन येतो, वडील गेले. तिकडे मंडळी म्हणतात, मुंबईचा मुलगा आल्याशिवाय उचलायचं नाही. शेवटचं विमान गेलेलं. अकराला गाडी काढली तर सकाळी आठला दारात. सकाळी सहाचं विमान मिळालं असं धरू, तर साडेसातला उतरून सव्वाआठला दारात. दुपारच्या फोनला तीन तासांचा असलेला फरक रात्रीच्या फोनला उरतच नाही.

उरतो तो दुसराच. गाडीचा रस्ता सरळसोट, वळण नाही, रात्र, आणि चाकावर रडून थकलेला माणूस. डुलकी लागायला आणखी काय हवं? आमचं मत विचाराल तर अशा रात्री विमानाचीच वाट पाहावी. गाडीनेच जायचं असेल तर चालवायला दुसरा कोणीतरी घ्यावा, आणि नागपूरकरांना नऊची वेळ सांगावी.