आधी श्वास मोजा, मग औषध

पावसाळा लागला की दर्यापूर-बनोशात सर्दी-खोकल्याच्या लेकरांनी दवाखाने भरून जातात. “डॉक्टरसाहेब, सुई द्या, नाहीतर भारी औषध तरी लिहा,” असा आईबापांचा आग्रह असतो. खोटे कशाला सांगू? सुरुवातीच्या काळात मलाही हा आग्रह मोडवत नसे. एखाद्या लेकराला न्यूमोनिया निघाला तर, ही धास्ती मनात असे.

वास्तविक साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, विषाणूंवर चालत नाहीत. उगाच दिल्यास जुलाब, अंगावर पुरळ असा त्रास होऊ शकतो. शिवाय जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग खऱ्या गरजेच्या दिवशी तेच औषध फुकट जाते.

मग गरज कोणाला, हे ओळखायचे कसे? याचे उत्तर आपल्याच विदर्भात मिळाले. 1988 मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्यसेवकांना आणि निरक्षर दाईंनाही बालकांचे श्वास मोजायला शिकवले. मोजणी सोपी व्हावी म्हणून पुढे एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दर दहा श्वासांमागे एक मणी, असे साधन त्यांनी तयार केले. या प्रयोगात न्यूमोनियाच्या 612 रुग्णांवर उपचार झाले. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते.

या शिकवणीला दुसरीही बाजू आहे. ज्या मोजणीने औषध द्यायचे ठरते, तिनेच ते न देण्याचेही ठरते. मूल शांत असताना, दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक असतील तर धोका समजावा.

आशाताई आणि नर्सबाईंच्या प्रशिक्षणात मोजणीइतकेच महत्त्व समजावून सांगण्याला हवे, असे माझे मत आहे. “औषध लागत नाही” एवढेच सांगून परत पाठवलेली आई सरळ मेडिकल गाठते. म्हणून मी आता आईसमोर मोठ्याने श्वास मोजतो. दोन वर्षांच्या लेकराचे बत्तीस भरले, की आकडा तिलाही पटतो. मग घरी काय करायचे आणि परत कधी यायचे, ते सांगतो.

घरी अंगावरचे दूध चालू ठेवा, कोमट पाणी, वरणाचे पाणी पाजा. वर्षावरच्या मुलाला थोडा मध चालेल. मात्र श्वास जलद झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल पिईनासे झाले, गुंगीत गेले किंवा झटके आले तर तासभरही थांबू नका. दोन महिन्यांच्या आतील आजारी बाळाला तर थेट दवाखान्यातच न्या.

डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिलेच तर सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. उरलेली बाटली शेजारच्या लेकराला देऊ नका. आणि डॉक्टर औषध न लिहिता श्वास मोजत बसले, तर “यांनी काहीच दिले नाही” असे म्हणू नका. तो एक मिनिटही उपचारच आहे.