ठोसा हाताचा की पायाचा?

आपल्या तळेगाव ढमढेरेसारख्या गावात मुलाने बॉक्सिंगचं नाव काढलं, की पालक आधी त्याच्या दंडाकडे बघतात. "एवढासा हात, हा काय ठोसा मारणार!" पण ठोसा नुसत्या हाताने मारला जातच नाही.

सोव्हिएत संशोधक फिलिमोनोव्ह आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. कसलेल्या हौशी बॉक्सरांच्या ठोशात पायांच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के आणि हाताचा २४ टक्के निघाला. कच्च्या खेळाडूंत उलटं! हाताचा वाटा पायांपेक्षा जास्त, पाय जेमतेम १७ टक्के. 

मागच्या पायाच्या चवड्याने जमीन रेटली की कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि हात सर्वांत शेवटी सुटतो. गोळाफेक शिकवताना आपण तरी दुसरं काय सांगतो?

म्हणून पहिल्याच दिवशी मुलाला बॅग बडवायला लावू नये. आधी दोरीवरच्या उड्या आणि पायांची हालचाल शिकवावी. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, ते खरंय. आणि दंडाची काळजी करणाऱ्या पालकांनो, लढती वजनगटानुसार होतात. तुमच्या बारक्यासमोर त्याच्याच वजनाचं पोर उभं राहणार आहे.