आजोबांच्या पेटीतील नोटा

देवास गेट परिसरातील आपल्या मंडळींच्या घरी दिवाळीची आवराआवर निघाली की, आजोबांच्या पेटीतून एखादी जुनी नोट हमखास हाती लागते आणि “हिचे किती येतील?” हा प्रश्न निघतो. नोट जितकी जुनी तितकी किंमत मोठी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे.

अमेरिकेत १८६३ पासून १९३५ पर्यंत गावोगावच्या हजारो बँका सरकारी परवान्याने आपापल्या नावाच्या नोटा काढीत. तेथील संग्राहक आज प्रथम गावाचे नाव पाहतो. मोठ्या शहराच्या नोटा पुष्कळ उरल्या, त्या स्वस्त. आडगावच्या बँकेच्या दोनतीनच उरल्या असतील, तर त्यांच्यासाठी चढाओढ.

आपल्याकडेही याच्या जवळचा प्रकार होता. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने बँकांकडून स्वतःकडे घेतला. नोटेवर सर्कलचे नाव असे व त्या सर्कलमध्येच ती हक्काने चाले. मुंबई-कलकत्त्याप्रमाणे आपल्या नागपूर-अकोल्याचीही नावे नोटांवर होती, हे किती जणांस ठाऊक आहे? शंभराच्या नोटेवरील हे बंधन १९११ मध्ये उठले.

त्या काळी टपालात नोट गहाळ होण्याची धास्ती असे. म्हणून व्यापारी ती मधोमध कापून एक अर्धी आधी पाठवीत व पोच आल्यावर दुसरी. मग दोन्ही जोडल्या जात. अशी जोडनोट फाटकी समजून टाकू नये. दोन्ही अर्ध्यांवरील क्रमांक जुळतात का, ते पाहावे.

खरे सांगायचे तर, आपल्या पेट्यांत बहुधा सहाव्या जॉर्जच्या किंवा स्वातंत्र्यानंतरच्या नोटा निघतात. त्या अमाप छापल्या गेल्या. घड्या पडलेल्या नोटेचे फारसे येत नाही. कोरी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. हौसेने केलेल्या या दुरुस्तीनेच किंमत जाते.

“नोटेचे लाखो देतो, आधी नोंदणीचे पैसे पाठवा,” असा फोन आल्यास तो खाली ठेवावा. रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे.

२०१६ साली रद्द झालेल्या ५०० व १,००० च्या नोटा आठवण म्हणूनही एकूण १० हून अधिक बाळगू नयेत. २०१७ च्या कायद्याने अभ्यासक व संग्राहकांस २५ पर्यंत मुभा आहे.